उभी राहिलेली पिकअप गाडी सुरू होत नसल्यास दोष कसा शोधावा

लातूर जिल्ह्यातील जळकोट तालुका बालाघाटाच्या डोंगररांगांत, नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून वसलेला आहे. येथील शेती मुख्यत्वेकरून पावसावर अवलंबून असून सोयाबीन, तूर, मूग, उडीद व ज्वारी ही येथील महत्त्वाची पिके होत. शेतमाल उदगीर किंवा लातूरच्या बाजारपेठेत पोहोचविण्यासाठी एके काळी बैलगाडी वापरली जाई. पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली आली, आणि आता पुष्कळ गावांत एखाद्या शेतकऱ्याची, गटाची अथवा शेतकरी उत्पादक कंपनीची पिकअप गाडीही दिसते.

मृगापूर्वी बियाणे व खते आणण्यासाठी ही गाडी सतत धावत असते. पेरण्या आटोपल्या म्हणजे मात्र तिचे काम एकदम कमी होते. काळ्या रानातील पाणंदीत चिखल होऊन गाडी शेतापर्यंत जात नाही आणि बाजारात नेण्याजोगा मालही फारसा नसतो. मग ती लिंबाच्या झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहते. सोयाबीन साधारणतः ९५ ते १०५ दिवसांत पक्व होते. म्हणजे कित्येक गाड्यांचा हा विसावा तीन ते साडेतीन महिन्यांचा होतो. पुढे मळणी होऊन पोती भरली जातात, गाडीची किल्ली फिरविली जाते, आणि गाडी सुरू होत नाही.

या वेळी होणारा खोळंबा साधा नसतो. पक्व सोयाबीनच्या शेंगा उभ्या पिकात फुटतात आणि कापून घातलेली गंज परतीच्या पावसात सापडली तर दाणा काळवंडतो. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनसाठी सर्वसाधारणपणे १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. अशी सवलत दरवर्षी मिळेलच असे नाही. वाळवून भरलेला माल दोन दिवस उघड्यावर थांबला तर त्याचा भाव शेतकऱ्याच्या हातून जातो.

अशा घाईच्या वेळी गाडीभोवती चार माणसे जमतात व प्रत्येक जण निराळा सल्ला देतो. एकाच्या मते बॅटरी गेली, दुसऱ्याच्या मते सेल्फ गेला, तिसरा डिझेल पंप खोलण्यास सांगतो. कोणता भाग निकामी झाला आहे हे ठरण्यापूर्वीच नवा भाग विकत आणला जातो. हा खर्च बहुतांशी टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी दोषाचा शोध क्रमाने कसा घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. उभे राहण्याने गाडीत काय बदलते?

पहिली गोष्ट लक्षात घ्यावी ती ही की, गाडी उभी केली तेव्हा ती चालू स्थितीत होती. उभ्या गाडीत पिस्टन झिजत नाही, क्रँक तुटत नाही किंवा गिअर मोडत नाही. म्हणून जून महिन्यात उत्तम चालत असलेल्या गाडीच्या इंजिनाच्या पोटातील दोष सप्टेंबरमध्ये सर्वांत आधी शोधू नये. उभे राहिल्याने जे बदलते तेच प्रथम तपासावे. असे बदल मुख्यतः चार होत :

(१) बॅटरीतील वीज कमी होते.
(२) डिझेलच्या टाकीत व फिल्टरमध्ये पाणी साचते.
(३) डिझेलच्या नळ्यांत हवा शिरते.
(४) उंदीर, कुंभारीण माशी व इतर प्राणी गाडीत आश्रय घेतात.

लांबच्या मुक्कामानंतर सुरू न होणाऱ्या गाडीचा दोष बहुधा या चारांपैकी एखादा असतो. या चारही गोष्टी शेतकऱ्याला थोड्याशा साधनांनिशी घरी तपासता येतात. एक विजेरी, दोन-तीन पाने, एक स्वच्छ काचेची बाटली आणि शक्य असल्यास व्होल्ट मोजण्याचे लहान मीटर एवढी सामग्री पुरेशी आहे.

२. डिझेल इंजिन सुरू होण्यास काय लागते?

विहिरीवरील जुने इंजिन ज्यांनी हँडल मारून चालविले आहे त्यांना हा भाग कळण्यास अडचण पडणार नाही. डिझेल इंजिनात पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबून तिच्या मूळ जागेच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्याएवढी केली जाते. या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि अशा तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सुटताच तो पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये याच तत्त्वावर चालणारे यशस्वी इंजिन तयार केले होते.

यावरून इंजिनाच्या गरजा स्पष्ट होतात. इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. फिरणे मंद असेल तर दाबलेली हवा तापण्यापूर्वीच तिची उष्णता निघून जाते. दुसरे असे की, स्वच्छ व हवाविरहित डिझेल नोझलपर्यंत पोहोचले पाहिजे. तिसरी गरज मोकळ्या श्वासाची, म्हणजे हवा आत येण्याचा व धूर बाहेर जाण्याचा मार्ग खुला असण्याची. विहिरीवरील इंजिनात पहिले काम माणसाचे मनगट करीत असे. पिकअपमध्ये ते काम सेल्फ करतो आणि सेल्फला बळ बॅटरीचे असते. म्हणून बॅटरीच्या तपासणीला पहिले स्थान द्यावे लागते.

३. किल्ली फिरविण्यापूर्वी

गाडी मोकळ्या जागेत असावी. बंद शेडमध्ये इंजिन चालविल्यास धुरातील विषारी वायूने जीव गुदमरण्याचा धोका असतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा व चाकांना दगडांची ओट लावावी. लहान मुलांना दूर ठेवावे.

बॉनेट उघडण्यापूर्वी त्यावर दोन-चार थापा माराव्यात. पावसाळ्यात उबदार व कोरड्या जागेच्या आणि उंदरांच्या शोधात साप इंजिनाच्या पोकळीत येऊन बसतात. विजेरीच्या प्रकाशात सर्व कोपरे पाहावेत, आणि जेथे दिसत नाही तेथे हात न घालता काठीने चाचपावे.

त्यानंतर पुढील बाबी पाहाव्यात : भुईमुगाची टरफले, कापसाचे बोळे, लेंड्या अथवा कुरतडलेल्या वायरी आहेत काय? एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचे घरटे किंवा त्याच्या तोंडाशी मातीचे घर आहे काय? सायलेन्सरचे तोंड मोकळे आहे काय? गाडीखाली डिझेल, ऑईल किंवा पाणी गळाल्याचा डाग आहे काय? ऑईलची पट्टी काढून पाहावी. ऑईल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजून इंजिन फिरवू नये.

पुरात सापडलेल्या गाडीचा विचार निराळाच केला पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात आणि सप्टेंबरमध्ये मराठवाड्याच्या मोठ्या भागात अतिवृष्टीने पूर आले. ज्या गाडीच्या इंजिनापर्यंत पाणी चढले होते तिची किल्ली एकदाही फिरवू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारल्यास पिस्टन पाण्यावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि थोड्या खर्चाचे काम इंजिन बांधण्यावर जाते. अशा वेळी बॅटरीची ऋण तार सोडवावी, पाणी कोठवर चढले त्याची छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीस कळवावे व गाडी ओढून जाणकार मेस्त्रीकडे न्यावी.

४. आवाजावरून दोषाची पारख

उपर्युक्त पाहणी झाल्यावरच किल्ली फिरवावी. प्रथम फक्त अर्धी फिरवून समोरचे दिवे पाहावेत. गाडीस हीटर प्लग असल्यास त्याचा दिवा विझेपर्यंत थांबावे व मग सेल्फ मारावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ सेल्फ मारू नये आणि पुढील प्रयत्नापूर्वी किमान एक मिनिट थांबावे. सारखा सेल्फ मारल्याने तो तापून जळतो व उरलीसुरली बॅटरीही उतरते. एका माणसाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने सायलेन्सरजवळ बाजूस उभे राहून धूर पाहावा. साधारणतः पुढील चार स्थिती आढळतात.

(अ) काहीच आवाज नाही व दिवेही लागत नाहीत. बॅटरी पूर्ण उतरली आहे, तिचे टर्मिनल सुटले वा गंजले आहे, अथवा मुख्य फ्यूज गेला आहे.

(आ) नुसता ‘टिक-टिक’ आवाज येतो अथवा इंजिन जडपणे अर्धा फेरा घेऊन थांबते. दिवे मंदावतात. हे अशक्त बॅटरीचे किंवा सैल जोडाचे लक्षण होय.

(इ) दिवे प्रखर राहतात, मंदावत नाहीत. परंतु सेल्फ उचलत नाही. येथे बॅटरी ठीक असून सेल्फकडे जाणारी वायर, रिले, क्लचचा स्विच किंवा स्वतः सेल्फ यांत दोष असण्याचा संभव असतो. उंदराने कुरतडलेली वायर याच गटात मोडते.

(ई) इंजिन जोमाने फिरते, पण पेट घेत नाही. किंवा क्षणभर चालून बंद पडते. येथे बॅटरी व सेल्फ यांस दोष देण्याचे कारण नाही. दोष डिझेलच्या अथवा हवेच्या मार्गात आहे.

या चारांपैकी आपली स्थिती कोणती हे एकदा ठरले म्हणजे निम्मे काम झाले. पहिल्या दोन स्थितींत डिझेल फिल्टरला हात लावणे जसे व्यर्थ, तसे चौथ्या स्थितीत नवी बॅटरी विकत घेणेही व्यर्थच होय.

५. बॅटरीची तपासणी

गाडी बंद असली तरी तिच्यातील घड्याळ, गाडीचा ठावठिकाणा कळविणारे यंत्र, संगणकीय पेटी इत्यादि भाग थोडी वीज घेतच असतात. हा व्यय किती होतो ते एका हिशेबावरून कळेल. समजा, हा प्रवाह केवळ ३० मिलिअँपिअर आहे. दिवसाच्या २४ तासांत तो ०.७२ अँपिअर-तास वीज घेतो, आणि ११० दिवसांत सुमारे ७९ अँपिअर-तास. गाडीची बॅटरी ७५ अँपिअर-तासांची असेल तर ती एवढ्यानेच संपूर्ण रिकामी होईल. शिवाय बॅटरी आपोआपही थोडी थोडी उतरत असते व उष्ण हवेत हे उतरणे वाढते. तेव्हा साडेतीन महिन्यांनी बॅटरी उतरलेली आढळली, तर ती खराबच निघाली असे लगेच समजू नये.

प्रथम टर्मिनल पाहावेत. त्यांवर पांढरी-हिरवी पूड जमली असल्यास ऋण तार आधी व धन तार नंतर सोडवावी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून ती पूड धुवावी, टर्मिनल कोरडे करून घासावेत, आणि जोडताना धन तार आधी व ऋण तार शेवटी घट्ट बसवून वर पेट्रोलियम जेली लावावी. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कित्येकदा एवढ्यानेच गाडी सुरू होते.

त्यानंतर मीटरने व्होल्ट मोजावेत. काही तास स्वस्थ असलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ किंवा अधिक व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.४ दिसल्यास सुमारे पाऊण, १२.२ दिसल्यास सुमारे निम्मी भरलेली आहे. ११.८ किंवा त्याहून कमी व्होल्ट म्हणजे बॅटरी रिकामी होय. सेल्फ मारीत असताना पुन्हा मोजावे. त्या वेळी व्होल्ट साडेनऊच्या खाली कोसळत असतील तर बॅटरी भरलेली दिसूनही अशक्त आहे.

झाकणे उघडता येणारी बॅटरी असेल तर आतील पाण्याची पातळी पाहावी. प्लेटा उघड्या पडल्या असल्यास त्या बुडतील इतपत बॅटरीचे शुद्ध पाणी घालावे. बोअरचे अथवा विहिरीचे पाणी घालू नये, कारण त्यातील क्षारांनी प्लेटा खराब होतात. आम्लही घालू नये. बॅटरी तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या प्रवाहाने, म्हणजे ७५ अँपिअर-तासांची असल्यास सुमारे साडेसात अँपिअरने, रात्रभर सावकाश भरावी. भरताना हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून जवळ विडी, काडी अथवा ठिणगी येऊ देऊ नये. फार दिवस रिकाम्या राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिसे-सल्फेटचे टणक खडे बनतात. अशी बॅटरी भरूनही दुसऱ्या दिवशी उतरते, आणि तेव्हाच ती बदलण्याचा विचार करावा.

घाई असल्यास ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जंप द्यावा. ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टचीच असते, तथापि खात्री करून घ्यावी. मोठ्या मालट्रकची व्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते. तिच्यावरून जंप दिल्यास पिकअपची विद्युत उपकरणे जळतील. लाल केबल प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला व मग चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावून तिचे दुसरे टोक पिकअपच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, जोडावे. या क्रमाने शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडत नाही. गाडी सुरू झाल्यावर उलट क्रमाने केबली काढाव्यात.

एकच बॅटरी ट्रॅक्टरमधून काढून पिकअपला लावावयाची, आणि इंजिन सुरू झाल्यावर ती चालू गाडीतूनच परत काढावयाची, ही रीत काही ठिकाणी आढळते. ती सोडून द्यावी. चालू इंजिनाची बॅटरी सोडविल्यास अल्टरनेटर व संगणकीय पेटी निकामी होऊ शकते.

गाडी ढकलून सुरू करण्याविषयीही येथे सांगितले पाहिजे. आपल्या भागात चढउतार पुष्कळ असल्याने उतारावर गाडी सोडून ती गिअरमध्ये टाकण्याचा मोह होतो. इंजिन बंद असताना ब्रेकला व पॉवर स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य जवळजवळ नाहीसे होते. घाटाच्या उतारावर इंजिनाने पेट घेतला नाही तर भरलेली गाडी आवरणे कठीण होते. शिवाय नव्या गाड्यांतील संगणकीय पेटी व पंप यांना चालण्यास विजेची गरज असल्यामुळे पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर त्या ढकलूनही सुरू होत नाहीत.

६. डिझेल, पाणी व हवा

इंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल तर सायलेन्सरच्या धुरावरून पुढील शोध घ्यावा. मुळीच धूर नसेल तर डिझेल नोझलपर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते, परंतु जळत नाही. डिझेलमधील पाणी, निकामी हीटर प्लग अथवा मंद फिरणे यांपैकी एखादे कारण तेथे असते. हीटर प्लगची उणीव मार्गशीर्ष-पौषाच्या थंड पहाटे अधिक जाणवते. भाद्रपद-आश्विनातील उबदार हवेत त्याच्यावरचा संशय दुय्यम मानावा.

धूर मुळीच नसल्यास प्रथम टाकीत डिझेल आहे काय ते पाहावे. दर्शक काट्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. डिझेलची चोरीही होते.

नंतर पाण्याचा शोध घ्यावा. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते, आणि तिच्यातील दमट हवेचे पाणी टाकीच्या भिंतींवर जमून तळाशी उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशीच राहते व तेथूनच फिल्टरकडे ओढले जाते. डिझेल व पाणी जेथे एकमेकांस भिडतात त्या थरात सूक्ष्म जंतूही वाढतात आणि त्यांचा काळपट बुळबुळीत गाळ फिल्टर तुंबवितो. परीक्षेसाठी डिझेल फिल्टरच्या तळाची निचऱ्याची चकती सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे व पंधरा-वीस मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी निराळा थर दिसल्यास पाणी आहे. स्वच्छ डिझेल येईपर्यंत निचरा करावा. गाळ आढळल्यास फिल्टर बदलावा व टाकीही साफ करून घ्यावी.

त्यानंतर हवेचा विचार करावा. विहिरीवरील इंजिनाने ‘हवा धरली’ म्हणजे काय होते ते शेतकऱ्यास ठाऊकच आहे. तेच येथेही घडते. रबरी नळीला बारीक भेग पडली किंवा तिचा क्लिप सैल झाला, तर गाडी उभी असताना नळीतील डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरते व त्याची जागा हवा घेते. फिल्टरजवळचा हाताने दाबावयाचा पंप दाबून पाहावा. तो मऊ लागत असेल तर नळीत हवा आहे. घट्ट होईपर्यंत तो दाबत राहावे. हवा निघाल्यावर गाडी सुरू झाली व पुनः बंद पडली, तर हवा शिरण्याचे छिद्र अद्याप तसेच आहे असे समजून टाकीपासून फिल्टरपर्यंत प्रत्येक जोड पाहावा.

येथे जुन्या व नव्या गाड्यांतील भेद ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनात नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल करून हवा काढण्याची रीत होती. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात, म्हणजे अलीकडच्या बहुतेक सर्व डिझेल पिकअपमध्ये, तसे कदापि करू नये. त्या नळ्यांतील दाब हजार बारच्याही वर जातो. अशा दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी आतील इजा इतकी गंभीर असते की बोट अथवा हात गमावण्याची पाळी येते. असे घडल्यास दुखत नसले तरी तत्काळ रुग्णालयात जावे. नव्या इंजिनात हाताच्या पंपाने डिझेल भरणे व फिल्टरचा निचरा करणे एवढ्यावरच थांबावे.

एअर फिल्टरच्या तोंडात पेट्रोल ओतणे किंवा ज्वालाग्राही फवारा मारणे हाही घातक उपाय होय. तापलेल्या हीटर प्लगवर तो भडकून फिल्टर पेटतो व पिस्टनही फुटू शकतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या लहान मालगाड्यांच्या बाबतीत थोडा फरक आहे. साठलेले पेट्रोल डिझेलपेक्षा लवकर उडून जाते व जुने होते. त्यात मिसळलेले इथेनॉल पाणी शोषून घेते व पाणी अधिक झाल्यास पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून अशा गाडीत महिनोन्‌महिने राहिलेले पेट्रोल बदलणे इष्ट ठरते.

७. एक उदाहरण

वरील पद्धत कशी वापरावी हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शेतकऱ्याने १० जून रोजी गाडी उभी केली व २८ सप्टेंबर रोजी, म्हणजे ११० दिवसांनी, किल्ली फिरविली. ‘टिक-टिक’ आवाज आला व दिवे मंदावले. ही (आ) स्थिती होय. टर्मिनल साफ केले, मीटरवर ११.७ व्होल्ट दिसले. ट्रॅक्टरवरून जंप देताच इंजिन जोमाने फिरू लागले, पण पेट घेईना.

या ठिकाणी पुष्कळांची चूक होते. जंप देऊनही गाडी सुरू झाली नाही, म्हणून बॅटरीचे निदान चुकले असे मानून सेल्फ खोलला जातो. वस्तुतः निदान बरोबर होते. स्थिती (आ) वरून (ई) वर आली, म्हणजे एक दोष दूर होऊन दुसरा उघडा पडला. फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत दोन दोष एकाच वेळी असणे हे नवल नव्हे, कारण वीज जाणे आणि पाणी येणे ही दोन्ही कामे त्याच तीन महिन्यांत चालू असतात. म्हणून प्रत्येक उपायानंतर लक्षणे पुनः नव्याने पाहावीत.

पुढे त्या शेतकऱ्याने धूर पाहिला, धूर नव्हता. हाताचा पंप मऊ लागला. फिल्टरचा निचरा केला तेव्हा बाटलीत पाण्याचा थर दिसला. पाणी काढून पंप घट्ट होईपर्यंत दाबला आणि गाडी सुरू झाली. मिनिटभराने ती बंद पडली, तेव्हा नळीचे जोड पाहता एक क्लिप सैल आढळला. तो आवळल्यावर गाडी चालू राहिली. चालू इंजिनावर बॅटरीचे व्होल्ट १४ च्या आसपास आले, म्हणजे अल्टरनेटरही बॅटरी भरीत आहे हे कळले. या सर्व कामात एकही नवा भाग विकत घ्यावा लागला नाही.

एवढे करूनही गाडी सुरू न झाल्यास मेस्त्रीस बोलवावे. तथापि कोणती लक्षणे दिसली, काय तपासले व काय आढळले, हे त्याला क्रमाने सांगावे. त्यामुळे त्याचा वेळ व आपला पैसा दोन्ही वाचतात.

८. गाडी उभी करताना घ्यावयाची काळजी

(१) गाडी महिन्यापेक्षा अधिक काळ उभी राहणार असेल तर बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. महिन्यातून एकदा बॅटरी भरून घ्यावी.

(२) शक्य असल्यास टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेस जागा राहत नाही. एवढे पैसे डिझेलमध्ये गुंतविणे परवडत नसेल तर गाडी सुरू करण्यापूर्वी फिल्टरचा निचरा अवश्य करावा.

(३) दर आठ दिवसांनी दोन मिनिटे इंजिन चालवून बंद करण्याची सवय उपयोगाची नाही. सेल्फने घेतलेली वीज तेवढ्या वेळात भरून निघत नाही आणि थंड इंजिनात व सायलेन्सरमध्ये ओल धरते. चालवावयाचीच असेल तर पंधरवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवावी.

(४) गाडीत धान्याचे दाणे, पेंड अथवा रिकामी पोती ठेवू नयेत. उंदीर त्यांच्याच वासाने येतात.

(५) सपाट जागी चाकांना ओट लावून हातब्रेक सैल ठेवावा, म्हणजे ओलीने ब्रेक चिकटत नाहीत.

९. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

आपल्याकडे दसऱ्यास अवजारांबरोबर वाहनांचीही पूजा होते. परंतु दसरा येतो तोपर्यंत सोयाबीनची काढणी पुष्कळ ठिकाणी सुरू झालेली असते, आणि त्या दिवशी आढळलेला दोष दूर करण्यास सवड उरत नाही. याउलट श्रावणी अमावास्येच्या पोळ्यास पिके उभी असतात व शेतकऱ्यास थोडी उसंत असते. बैलांचे खांदे, खुरे व दावी त्या वेळी पाहिली जातात. त्याच आठवड्यात गाडीचीही परीक्षा व्हावी. कार्यकर्त्यांनी गावातील एखादी उभी गाडी निवडून, स्थानिक मेस्त्रीच्या साहाय्याने, बॅटरीचे व्होल्ट मोजणे, टर्मिनल साफ करणे, फिल्टरचा निचरा करणे व जंप देण्याचा योग्य क्रम यांचे प्रात्यक्षिक दाखवावे. व्होल्ट मोजण्याचे एक मीटर व जंपच्या केबलींचा एक जोड गटाने मिळून घेतला तर तो सर्वांच्या उपयोगी पडेल.

अशा रीतीने काढणीपूर्वी तीन-चार आठवडे गाडी तपासून ठेवली, तर दोष आढळला तरी तो सवडीने व माफक खर्चात दूर करता येईल, आणि वाळवून भरलेले सोयाबीन परतीच्या पावसापूर्वी बाजारात पोहोचविता येईल.